रंगाचे डाग, त्वचेवरील

सूत वा कापड रंगवताना हाताला, मनगटाला व नखांच्या कडांना बसणारे डाग. डाग किती टिकणार हे रंगाच्या वर्गावर ठरते, घासण्याच्या जोरावर नव्हे.

सुती कापडाला आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांची पहिली मालिका ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये ‘प्रोसिऑन’ नावाने बाजारात आणली. मूळ शोध रॅटी व स्टीफन यांचा. धुण्याच्या सोड्याने अल्कधर्मी केलेल्या पाण्यात हे रंग सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडले जातात. त्वचेतील केराटिनच्या अमिनो व थायॉल गटांशीही ते असेच जुळतात. टबातून लड पिळून काढणाऱ्याच्या तळहाताच्या रेषा आणि भेगा गडद दिसतात त्या यामुळे. नीळ वेगळी. ती पाण्यात विरघळत नाही. ‘हायड्रो’ने (सोडियम हायड्रोसल्फाइट) क्षपण केल्यावर विरघळते. त्या पाण्यातून हात हिरवट-पिवळा निघतो आणि हवा लागताच निळा पडतो. हा रंग नुसता चिकटून राहतो, म्हणून साबणाने पुष्कळसा सुटतो.

उपाय : ताबडतोब कोमट पाणी व साबण. नंतर खोबरेल तेल चोळून काही मिनिटांनी डाळीच्या पिठाने हलके धुणे. तेलाने रिॲक्टिव्ह रंगाचा बंध तुटत नाही. मृत त्वचा मऊ होऊन सुटते, एवढेच. उरलेला डाग त्वचेचा वरचा थर झडेल तसा, साधारण आठ-पंधरा दिवसांत जातो. लिंबाबाबत एकमत नाही. भेगांना ते झोंबते.

रंगशाळांत ब्लिचिंग पावडर वा हायड्रोने हात धुण्याची पद्धत आढळते. हात पटकन पांढरे होतात, हेच तिचे आकर्षण. ब्लीच त्वचा जाळते. त्यात आम्ल मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. हायड्रो ॲझो रंगांचे बंध तोडते व त्यातून ॲरोमॅटिक अमाइने निर्माण होतात. बेंझिडीनसारखी काही अमाइने त्वचेतून शोषली जातात व मूत्राशयाच्या कर्करोगास कारण होतात. रंगकारखान्यातील कामगारांमध्ये हा रोग जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवला होता. रॉकेल व थिनर त्वचेतील स्निग्धांश काढतात, वर्ज्य.

प्रतिबंध : रबरी हातमोजे, ते नसल्यास आधी व्हॅसलीन. रंगाची भुकटी श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, म्हणून मुखपट्टी.

वैद्यकीय बाजू : पुरळ वा फोड आल्यास डॉक्टरांकडे जावे.

नखे : डाग नखाबरोबर पुढे सरकतो, बोटाचे नख पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात.