मामीला शिक्षा पाहिजे!

आमची मामी बालाघाटची, लग्न होऊन तुमसरला आली. नव्यानेच शिकलेल्या मराठीत एकदा धीर करून म्हणाली, "मला आणखी शिक्षा पाहिजे." आजी म्हणे, "असा कोन्ता गुन्हा केला व तू?" घरभर हशा!

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. संस्कृत मूळ एकच, 'शिकणे'. आपणही 'चांगला धडा शिकवला' म्हणतोच की! तसंच 'चेष्टा': हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा.

गंमत बघा, १९५६ पर्यंत भंडारा, बालाघाट एकाच राज्यात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला भाषेवरून वाटणी झाली. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या.

मामीने शिकायचा विषय पुन्हा काढला नाही. तिच्या हिंदीतल्या चेष्टेची आम्ही मराठीत चेष्टा केली होती.