जिवाला दिलेलं उत्तर

सकाळचे दहा वाजून गेले की वाळवंटातलं ऊन जागचं हलत नाही. खोपटात एकटा बसलेला तपस्वी पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, बाहेर येऊन सूर्य कुठवर आला ते पाहतो. जेवणाची वेळ दुपारी तीनची. ती काही जवळ येत नाही. मग मन बोलायला लागतं. या जागेत काही अर्थ उरलेला नाही. इथल्या भावांमध्ये माया राहिलेली नाही, तुझं दुःख कोणी विचारणार नाही. देवाला काय, कुठूनही हाक मारता येते. घरची माणसं आठवतात, पुढे पडलेलं लांबलचक आयुष्य दिसू लागतं, आणि शेवटी एकच सल्ला उरतो: ऊठ, चालता हो.

हे वर्णन इव्हाग्रियसचं आहे, चौथ्या शतकाच्या अखेरचं. इजिप्तमध्ये नाईलच्या मुखप्रदेशालगत केल्लिया नावाची तपस्व्यांची वसाहत होती. एकेकाचं खोपटं दुसऱ्यापासून दूर, आणि आठवड्यातून एकदा सगळे एकत्र येत. इव्हाग्रियस मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पोंतसचा, जन्म साधारण ३४५ चा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो नावाजलेला डीकन होता. एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचा जीव जडला आणि त्या गुंत्यातून सुटण्यासाठी त्याने शहर सोडलं. यरुशलेमला पोहोचला, तिथे महिनोन्‌महिने तापाने अंथरुणाला खिळला. जैतुनाच्या डोंगरावर मठ चालवणाऱ्या मेलानियाने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि त्याला इजिप्तची वाट दाखवली. ३८३ च्या सुमारास तो तिथे गेला. पोथ्यांच्या नकला करून पोट भरत तो ३९९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथेच राहिला.

आज चर्चमध्ये, प्रार्थनासभेत, व्हॉट्सअ‍ॅपवर आपण खचलेल्या माणसाला वचन पाठवतो. ‘मी कुचकामी आहे’ असं मनाने म्हटलं की त्याला शास्त्रवचनाने उत्तर द्यायचं, ही रीत ख्रिस्ती माणसाला इतकी सवयीची आहे की ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. तिचा माग काढत गेलं की वाट या वाळवंटात येते. मात्र इव्हाग्रियसलाही ती आयती मिळालेली होती, म्हणून आणखी मागे जायला हवं.

स्तोत्रसंहितेतलं ४२ वं स्तोत्र कोरहाच्या वंशजांच्या नावावर आहे. मंदिरापासून दूर पडलेला, लोकांचे टोमणे ऐकणारा तो कवी मध्येच देवाशी बोलणं थांबवतो आणि स्वतःच्या जिवाकडे वळतो. तू असा का खचलास, असं विचारतो. देवाची आशा धर, असं बजावतो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की एकदा विचारून भागत नाही. त्याच स्तोत्रात पुन्हा तोच प्रश्न येतो आणि ४३ व्या स्तोत्रात तिसऱ्यांदा. उत्तर दिलं आणि मन उजळलं असा हिशेब तिथे नाही. मनाला समोर बसवून समजावणं मराठी माणसाला नवं नाही. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक आपल्या कानांत आहेतच. पण इथे समजावणाराही तोच आणि खचलेलाही तोच आहे, आणि समजावणाऱ्याचा आवाजही कापतो आहे.

दुसरा उगम मत्तयाच्या चौथ्या अध्यायात. अरण्यातल्या मोहाच्या वेळी येशू सैतानाला तीनदा उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरं अनुवादाच्या पुस्तकातली आहेत. मात्र तिथे सैतानही वचनच बोलतो, ९१ व्या स्तोत्रातलं. म्हणजे वचन आरोप करणाऱ्याच्या तोंडीही बसतं. हे पुढे फार महागात पडणार होतं.

इव्हाग्रियसने हे दोन धागे एकत्र वळले. लूकियस नावाच्या एका तपस्व्याने मागितलं म्हणून त्याने ‘अँटिर्‍हेटिकोस’, म्हणजे उलट उत्तरांचं पुस्तक, लिहून दिलं. खादाडपणा, वासना, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, दुपारचा तो उबग, मोठेपणाची हौस आणि गर्व अशा आठ विचारांचे आठ भाग. प्रत्येक नोंदीत आधी नेमका विचार मांडलेला आणि खाली त्यावरचं वचन. अशा जवळपास पाचशे नोंदी. काही उत्तरं सैतानाला उद्देशून, काही देवाला, काही थेट स्वतःच्या जिवाला. विचार किती बारकाईने टिपलेले आहेत ते पाहावं: म्हातारपणी हात चालेनासे झाले तर खाणार काय ही धास्ती, जुन्या पापांची रात्री येणारी आठवण, देवाने मला टाकलं ही खात्री. ‘दुःखी असाल तर हे वाचा’ असा ढोबळ मामला नव्हे. या विचाराला हे उत्तर, त्या विचाराला ते.

त्याच्या ‘प्राक्टिकोस’ या छोट्या ग्रंथात तर पद्धतच सांगितली आहे. उबगाने घेरलं की रडत रडत आपल्या जिवाचे दोन भाग करायचे, एक धीर देणारा आणि एक धीर घेणारा, आणि मग ४२ व्या स्तोत्रातले शब्द एकाने दुसऱ्याला म्हणायचे. रडायचं नाही, असं तो म्हणत नाही. विचार मनात येणं आपल्या हाती नाही, तो तिथे रेंगाळू द्यायचा की नाही एवढंच आपल्या हाती आहे, हेही तो त्याच ग्रंथात सांगतो. स्वतःला दोष देत बसलेल्या किती जणांचा भार या एका भेदाने हलका झाला असता!

आणि हे सगळं एकट्याने करायचं नव्हतं. वाळवंटात कनिष्ठाने ज्येष्ठाकडे जाऊन आपले विचार उघड करायचे, ही रोजची शिस्त होती. ‘अब्बा, मला एक वचन सांगा’ म्हणत तरुण येत, आणि अब्बा समोरचा माणूस पाहून शब्द देत. एकाला दिलेला शब्द दुसऱ्याला लागू पडेलच असं नसे. इव्हाग्रियसचं पुस्तकही एका माणसाने मागितल्यावर त्या माणसासाठी लिहिलेलं होतं.

पुढे ५५३ मध्ये ओरिगेन या आधीच्या धर्मविचारवंताच्या शिकवणीबरोबर इव्हाग्रियसही चर्चच्या लेखी दोषी ठरला आणि या पुस्तकाचं मूळ ग्रीक हस्तलिखित नाहीसं झालं. ते वाचलं ते सुरियानी आणि आर्मेनियन भाषांतरांत. रीत मात्र आधीच पश्चिमेला पोहोचली होती. इजिप्तमध्ये राहून आलेल्या जॉन कॅसियनने मार्सेयमध्ये मठ काढले आणि इव्हाग्रियसचं नाव कुठेही न घेता त्याचे आठ विचार लॅटिनमध्ये आणले. कॅसियनच्या लेखनातला अब्बा आयझॅक पाचशे उत्तरांच्या जागी एकच देतो: ७० व्या स्तोत्राचं पहिलं वचन, देवाला मदतीला धावून ये म्हणणारं. सुखात, दुःखात, झोपताना, उठताना तेच. सहाव्या शतकात बेनेडिक्टने ते आपल्या नियमावलीत प्रार्थनेच्या आरंभी ठेवलं. वसई-गोव्याचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी आजही दिवसाच्या प्रार्थनेला त्याच वचनाने सुरुवात करतात. बेनेडिक्टने आणखी एक अट घातली: वाईट विचार ख्रिस्तावर आपटायचा आणि लगोलग ज्येष्ठाला सांगायचा.

सहाव्या शतकाच्याच अखेरीस पोप ग्रेगरीने आठ विचारांची सात मुख्य पापं केली. शिकवायला यादी सोयीची झाली, पण माझ्या मते इथे मोठं नुकसान झालं. खिन्नता हा आत येऊन आदळणारा विचार होता, ती आता कबुली देण्याचा गुन्हा झाली. खचलेल्या माणसाच्या माथी खचल्याचा दोषही आला.

मार्टिन लूथर याच ओझ्याखाली वाढला. १५२७ साली तो शरीराने आणि मनाने पार कोलमडला होता. १५३० मध्ये कोबर्गच्या किल्ल्यात अडकून पडलेला असताना त्याने आपल्या मुलांचा शिक्षक हिरोनिमस वेलर याला पत्र लिहिलं. वेलर निराशेने ग्रासलेला होता. लूथर त्याला आधी सांगतो, एकटा राहू नकोस. माणसांत जा, थट्टामस्करी कर, खेळ. मग उत्तर कसं द्यायचं ते सांगतो. सैतानाने पापांची यादी पुढे केली की ती नाकारायची नाही. हो, मी दंडाला पात्र आहे, त्याचं काय? माझ्या जागी ज्याने सोसलं त्याला मी ओळखतो. आरोपाशी वाद न घालता त्याची धारच काढून घेण्याचा हा मार्ग आहे. ‘तू फार चांगला आहेस’ असं मनाला पढवण्याशी त्याचं काही नातं नाही.

शंभरेक वर्षांनी इंग्लंडमध्ये भांडी दुरुस्त करणाऱ्या जॉन बनियनच्या हाती लूथरचं गलतीकरांच्या पत्रावरचं भाष्य पडलं. प्रत इतकी जुनी की हात लावताच पानं सुटतील. आपल्याच मनातून हे कोणी लिहिलं, असं त्याला झालं. बनियनच्या डोक्यात एकच वाक्य घोंगावत असे: ख्रिस्ताला विकून टाक. जेवताना, काम करताना, अंथरुणात. तो नाही नाही म्हणत राही, आणि एका सकाळी थकून मनातल्या मनात म्हणून गेला, त्याला जायचं तर जाऊ दे. मग त्याच्यावर वचनच कोसळलं. ज्येष्ठत्वाचा हक्क विकून पुढे रडणाऱ्या, पण पश्चात्तापाला जागा न मिळालेल्या एसावाबद्दलचं इब्रीकरांच्या पत्रातलं वचन. दीर्घकाळ ते त्याच्या छातीवर बसून होतं. आरोप करणारा आता शास्त्र बोलत होता, अगदी अरण्यातल्यासारखा. दुसऱ्या बाजूने करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं, कृपा पुरेशी आहे हे वचन येई, पण ते आपल्यासाठी आहे असं त्याला वाटत नसे. एका सभेत बसलेला असताना ‘तुला’ या शब्दासकट ते तीनदा त्याच्या मनात शिरलं. तरीही लढाई संपली नाही. अखेर ही दोन वचनं त्याच्या मनात समोरासमोर आली आणि एसावाचं वचन मागे हटलं. हे सारं त्याने तुरुंगात असताना लिहिलं आणि १६६६ मध्ये छापलं.

१६७८ च्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये त्याने त्याचीच गोष्ट केली. संशयाच्या किल्ल्यात निराशा नावाचा राक्षस दोन यात्रेकरूंना कोंडतो, मारतो आणि जीव द्या म्हणतो. ख्रिस्ती नावाचा यात्रेकरू त्याला जवळजवळ तयारही होतो. बुधवारपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ते अंधारकोठडीत असतात. मग त्याला आठवतं की वचन नावाची किल्ली आपल्या छातीशीच आहे, आणि दारं उघडतात. किल्ली सगळ्यांच्या लक्षात राहते. पण ती आठवेपर्यंत त्याला जिवंत कोणी ठेवलं? आशावान नावाच्या सोबत्याने. आधी कशाकशातून पार पडलो, हे तो त्याला एकेक करून सांगत राहतो. हरि केशवजींनी १८४१ मध्ये हे पुस्तक ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणलं. मराठी कादंबरीच्या इतिहासात त्याची नोंद होते. ख्रिस्ती घरांत ही किल्ली अशी आपल्या भाषेत आली.

या वंशावळीत विल्यम कूपरलाही जागा द्यायलाच हवी, जरी त्याची गोष्ट प्रवचनांत सहसा येत नाही. १७६३ मध्ये या इंग्रज कवीने जीव देण्याचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्सला डॉक्टर कॉटन यांच्या रुग्णालयात त्याची काळजी घेतली गेली, तिथेच रोमकरांच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाने तो सावरला. ओल्नी गावात पाळक जॉन न्यूटनबरोबर त्याने भजनं लिहिली, ती १७७९ मध्ये छापली गेली. पण त्याआधी, १७७३ च्या सुरुवातीला, एका स्वप्नात आपण कायमचे गमावलो गेलो असं त्याने ऐकलं, आणि १८०० मध्ये मरेपर्यंत ते त्याला खरंच वाटत राहिलं. इतरांना धीर देणारी भजनं लिहिणारा माणूस पुन्हा प्रार्थनेला बसला नाही. त्याच्याकडे वचनं कमी नव्हती, श्रद्धाही कच्ची नव्हती. तो आजारी होता. न्यूटनने त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे कूपरने तीन ससे पाळले, बाग केली, कविता लिहिल्या. मेरी अनविन या बाईंनी त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं. वचन ज्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, त्याच्यापर्यंत माणसं पोहोचत होती.

विसाव्या शतकात ही रीत पुन्हा जोरात आली. १९५२ मध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या सकारात्मक विचारांच्या पुस्तकाने वचनांना यशाच्या मंत्रांचं रूप दिलं. मला ते वळण परकं वाटतं. १९६५ मध्ये मार्टिन लॉइड-जोन्स यांनी आत्मिक खिन्नतेवरची प्रवचनं पुस्तकरूपाने दिली. ते आधी लंडनचे डॉक्टर होते आणि त्यांनी सुरुवात ४२ व्या स्तोत्रापासूनच केली: मनाचं ऐकत बसू नका, त्याच्याशी बोला. साधारण त्याच काळात फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक रुग्णांना आपोआप येणारे विचार टिपून तपासायला शिकवत होते. बेक यांचे पूर्वज केल्लियातले नाहीत, ते स्टोइक तत्त्वज्ञांकडे जातात. तरी विचार आधी नेमका लिहून काढायचा आणि मगच त्याला उत्तर द्यायचं, ही गोष्ट इव्हाग्रियसला लगेच ओळखू आली असती.

म्हणून पाळकांना, फादरांना आणि मंडळीतल्या प्रत्येकाला विनंती आहे. कोणी ‘माझ्यात काही राम उरला नाही’ म्हणालं, तर वचन पाठवून मोकळे होऊ नका. आधी विचार नेमका काय आहे ते ऐका. कोरहाच्या वंशजांच्याच नावावरचं ८८ वं स्तोत्र सबंध वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे. बोलणं जीव देण्यापर्यंत गेलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.