आकडा मोठा, काम किती?

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीला भिशीचे पैसे मिळाले आणि घरात नवा संगणक घ्यायचं ठरलं. ती घरी बसून चार-पाच दुकानदारांचे हिशेब लिहिते. तिचा मुलगा कॉलेजात आहे आणि रात्री गेम खेळतो. पैसे एकदाच मिळणार, संगणकही एकच येणार. भाच्यानं दुकानातून आणलेला दरांचा कागद माझ्यापुढे ठेवला. "मामा, हा प्रोसेसर सगळ्यात फास्ट. गिगाहर्ट्झ बघ किती आहेत!" बहीण हळूच म्हणाली, "दादा, एवढा महागाचा खरंच लागतो का रे?"

हा प्रश्न जुनाच आहे. १९८१ साली आयबीएमनं आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता. वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ लाख ठोके. एकाच कारखान्यावर विसंबायला आयबीएम तयार नव्हती, म्हणून इंटेलला आपली चिप बनवण्याची मुभा एएमडी ह्या कंपनीला द्यावी लागली. पुढे ३८६, ४८६ आले. पण नुसत्या आकड्यावर मालकी सांगता येईना. कोणीही आपल्या चिपवर तोच आकडा छापू लागलं. म्हणून १९९३ साली इंटेलनं आकडा सोडून नाव घेतलं, पेंटियम. ह्या पेंटियमच्या कामाची धुरा ज्यांच्याकडे होती, ते विनोद धाम जन्मानं पुण्याचे. गंमत म्हणजे, १९९५ साली त्यांनी इंटेल सोडली, नेक्सजेन ह्या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीनं विकत घेतली, आणि १९९७ साली पेंटियमशी टक्कर देणारा के-६ त्यातूनच आला.

मला सांगायचं आहे ते १९९६ सालाबद्दल. त्या काळी एकाच मदरबोर्डच्या एकाच खाचेत इंटेल, एएमडी किंवा सायरिक्स, कोणाचाही प्रोसेसर बसत असे. गिऱ्हाइकाला खरीखुरी निवड होती. टेक्सासच्या सायरिक्सनं एक चिप काढली. तिचे ठोके १३३ मेगाहर्ट्झचे, पण नावात १६६ हा आकडा. म्हणजे, आमची ही चिप १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीची. यात लबाडी नव्हती. ऑफिसात चालणाऱ्या प्रोग्रामांवर चाचणी घेऊनच तो आकडा ठरवला होता. पत्र लिहा, हिशेब करा, चिप खरोखरच तेवढं काम उरकत असे, आणि तीही कमी पैशांत.

मग त्याच वर्षी जूनमध्ये 'क्वेक' हा गेम आला. त्यातल्या भिंती, जिने, राक्षस सगळं त्रिमितीत. भिंत तिरकी दिसायची असेल तर तिच्यावरचं चित्र कुठे किती दाबायचं, यासाठी सतत भागाकार करावे लागतात. क्वेकच्या कर्त्यांनी दर सोळा ठिपक्यांमागे एक भागाकार ठेवला. पेंटियमचा एक विभाग तो भागाकार करत असताना दुसरा विभाग पुढचे ठिपके रंगवत राहील, अशी त्यांची मांडणी होती. सायरिक्सचा अपूर्णांकांचा विभाग इथे मागे पडला. हिशेबाला बरोबरीची असलेली चिप खेळात धापा टाकू लागली. चिप तीच, आकडा तोच. काम बदललं आणि निकाल उलटा लागला.

यातून बाजार शहाणा झाला म्हणावं, तर नाही. मार्च २००० मध्ये एएमडीनं एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, दोनच दिवसांत इंटेलनंही गाठला. त्याच वर्षाअखेरी दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आला. पण कितीतरी कामांत एक गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम ३ त्याच्या बरोबरीनं चालत असे. लहान मूल भराभर पावलं टाकतं, बाप सावकाश ढांगा टाकतो. तरी दोघं एकाच वेळी घरी पोचतात, तसंच हे. ठोके वाढले तशी उष्णताही वाढली. २००४ साली इंटेलनं चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. २००६ साली आलेल्या कोअर २ ड्युओचे ठोके कमी होते, आणि काम मात्र जास्त.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग मामा, तूच सांग कुठला घेऊ?"

मी म्हटलं, आधी यादी कर. आईचा हिशेबाचा प्रोग्राम कुठला, तुझे गेम कुठले. त्याच गेमवर, त्याच प्रोग्रामवर घेतलेल्या चाचण्या बघ. आणि हे लक्षात ठेव, की १९९६ साली क्वेकमध्ये प्रोसेसर जे रंगकाम करत होता, ते आता ग्राफिक्स कार्ड करतं. सगळे पैसे प्रोसेसरमध्ये घालून कार्ड हलकं घेतलंस तर फसशील. आईला मधल्या दर्जाचा प्रोसेसरही भरपूर आहे. तिला हवी आहे पुरेशी मेमरी आणि चटकन उघडणारी एसएसडी.

दोन दिवसांनी नवा कागद आला. प्रोसेसर एक पायरी खाली उतरला होता, कार्ड एक पायरी वर चढलं होतं आणि मेमरी दुप्पट झाली होती. बेरीज भिशीच्या रकमेत बसत होती. बहिणीनं ती पुन्हा एकदा हातानं करून पाहिली.