परसातला हौद

जुन्या पुण्याच्या वाड्यांचा विषय निघाला म्हणजे आपण दिंडीतून आत शिरतो, चौक पाहतो, दिवाणखान्याच्या महिरपींपाशी क्षणभर थांबतो आणि आल्या वाटेने परततो. आज आम्ही आपणांस मागच्या दाराने परसात नेणार आहो. वाड्याचे वैभव पुढे दिसते खरे, पण त्याचे पोषण मागे, परसातल्या हौदावर चालत असे.

पुण्याची वस्ती पेशवाईत झपाट्याने वाढली. मुठेचे पाणी आणि घरोघरचे आड तिला पुरेनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या घाटापायथ्याशी बांध घालून तलाव करविले आणि तेथून भूमिगत नळाने पाणी शहरात आणले. या नळाला आपण 'नळ' म्हणतो, पण वस्तुतः तो चुन्यात बांधलेला, माणूस आत उतरू शकेल एवढा दगडी बोगदा आहे. ठिकठिकाणी त्याला उच्छ्वास ठेवलेले. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढण्यास माणूस उतरे. मोटारपंप नाही, बैल नाहीत. तलाव उंचावर आणि शहर सखल, एवढ्याच आधारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत चालत आले. वाटेत ते काळ्या हौदात थांबे, बदामी हौदात थांबे. मुख्य नळाच्या शाखा, त्यांवर खापरी नळ, आणि अशा रीतीने ते कित्येक वाड्यांच्या परसांत पोचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हौद म्हणजे नुसते साठवणीचे भांडे नव्हे, ते पाण्याच्या वाटेवरील मुक्कामाचे ठिकाण होय. एका अंगाने पाणी येई, गाळ तळाशी बसे, आणि भरून वाहिलेले पाणी दुसऱ्या अंगाने पुढे जाई. सांडपाण्यावर केळी व अळू, त्यापलीकडे कर्दळ, प्राजक्त, अनंत. परसबाग ही त्या वाटेचे शेवटचे टोक होती.

मग ही वाट तुटली कशी? खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि पुढे घरोघर तोट्या आल्या. तोटी फिरविली की पाणी. हौदाचा गाळ कोण उपसणार? साचल्या पाण्यात डास होतात, ही तक्रार खोटी नव्हती. कित्येक हौद झाकले गेले, कित्येक राडारोड्याने भरले. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचाही बांध गेला, आणि तोट्या कोरड्या पडल्या. त्या दिवसांत पुणेकर पुन्हा आडांपाशी आणि हौदांपाशी उभे राहिले. अडगळ म्हणून टाकलेल्या वस्तूनेच त्या वेळी घोटभर पाणी दिले.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या वाड्याच्या परसात हात घालण्याचा योग आम्हां चारपाच मंडळींस आला. हौदात कमरेएवढा राडा, भिंतीत पिंपळाची मुळे, मधोमध दगडी कमळाचे कारंजे बुजलेले. घरच्या मुलांचा विचार होता की हौद भरून वर फरशी घालावी, म्हणजे दोन मोटारी उभ्या राहतील. तो विचार काही अविचार नव्हता; गल्लीत गाडी लावायला जागा नाही, हे आपण सारेच जाणतो. घरातल्या आजी मात्र एवढेच म्हणाल्या, "अरे, बुजवायचा तर बुजवा, पण आधी उपसून तरी बघा काय आहे ते."

राडा उपसला, आणि आमची पहिली चूक तेथेच झाली. भिंतींच्या भेगा आम्ही घाईने सिमेंटने लिंपल्या. पुढच्या उन्हाळ्यात तो गिलावा फुगून पापुद्र्यांनी सुटला. जुना चुना मऊ, ओल आत घेणारा व बाहेर सोडणारा. त्यावर ताठर सिमेंट टिकेना. अखेर एका वृद्ध गवंड्याच्या सांगण्याप्रमाणे चुना भिजत घातला, त्यात विटांची सुरकी, गूळ आणि बेलफळाचे पाणी घातले, आणि लिंपलेली भिंत कित्येक दिवस ओली ठेवली. तो गिलावा आजही शाबूत आहे.

दुसरा धडा कारंज्याने दिला. त्याला विजेचा पंप बसवावा असे आम्ही ठरवीतच होतो. तेवढ्यात कमळाच्या देठाखालून निघालेला खापरी नळ कोपऱ्यातल्या आडाकडे गेलेला आढळला. तेथे भिंतीवर एका उंच टाक्याचे अवशेष होते. पाणी आपल्या मूळ पातळीहून वर चढत नाही. तेव्हा कारंज्याची उंची म्हणजे मागच्या टाक्याची उंची. शनिवारवाड्याचे हजारी कारंजे सवाई माधवरावांच्या बालपणी ज्या नियमाने उडाले, त्याच नियमाने या गरीब कमळानेही उडावे. तो वाडा १८२८ च्या आगीत गेला, लाकूडकाम जळाले. कारंज्याचे दगडी काम मात्र मागे उरले आणि आजही पाहावयास मिळते.

कात्रजचे पाणी आमच्या परसात पुन्हा येणे शक्य नव्हते. मधला नळ केव्हाच तुटला होता. म्हणून आम्ही पाण्याला नवी वाट दिली. कौलांवरचे पावसाचे पाणी पन्हळीने टाक्यात, टाक्यातून कारंज्यात व हौदात, आणि हौदाचे वाहते पाणी केळींच्या आळ्यात. डासांसाठी गप्पी मासे सोडले. झाडे सर्वांत शेवटी लावली. बागेचा जीर्णोद्धार करू पाहणारे बहुधा रोपवाटिकेपासून आरंभ करतात. आम्हांस वाटते, आरंभ पन्हळीपासून व्हावा.

कारंजे काही फार उडत नाही. पाऊस झाल्यावर जेमतेम वीतभर. आणि मोटार अजून गल्लीतच उभी असते. मुलांनी आजींचा शब्द राखला, पण त्याची अडचण ती रोज सोसतात. जुने जपावयाचे म्हणजे कोणाला तरी काही सोसावे लागते, हे व्यासपीठावरून सांगताना विसरता कामा नये.

आपल्यापैकी ज्यांच्या घरामागे असा हौद असेल, त्यांना आमची एकच विनंती. तो ठेवा किंवा बुजवा, निर्णय आपला. परंतु त्यापूर्वी एकदा उपसून पाहा. पाणी कोठून येत होते आणि कोठे जात होते, एवढे शोधा. त्या शोधात आपल्या शहराचा इतिहास आपल्याच परसात सापडेल.