इसामिया बाजारातील शाळा आणि सरकारी तिजोरी

काचीगुड्याहून कोटीकडे निघाले की इसामिया बाजार लागतो. दुसऱ्या अंगाला लिंगमपल्ली. आम्ही काचीगुडेकर कामाधंद्यानिमित्त या भागांतून नेहमी जातो. पण उपेक्षित मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात या दोन वस्त्यांना मानाचे स्थान आहे, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. भाग्यरेड्डी वर्मा (1888–1939) यांनी 1910 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी येथे शाळा सुरू केल्या.

काळ निजामाचा होता. प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी आणि सरकारी शिक्षणात जोर उर्दूवर. या अडचणीतून मराठी माणसांनीही वाट काढली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने आपली विवेक वर्धिनी उभी राहिली. गुलबर्ग्यात 1907 मध्ये नूतन विद्यालय निघाले. मात्र आपल्या समाजात वकील होते, जहागीरदार होते, देणगी देणारे हात होते. वस्तीतल्या मुलाच्या बापाकडे यातले काहीच नव्हते. भाषेची अडचण त्याला होतीच, वर शिवाशिवीची.

भाग्यरेड्डींनी मुलांच्या भाषेत, म्हणजे तेलुगूत, शिकवायला सुरुवात केली. शाळा वाढत वाढत 26 झाल्या आणि विद्यार्थी अडीच हजारांच्या घरात गेले. या कामाला पाठिंबा देणाऱ्यांत वामनराव नाईकांसारखी मराठी मंडळीही होती, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पुढे 1930 नंतरच्या दशकात निजाम सरकारने या शाळा आपल्याकडे घेतल्या.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी माणूस उभा राहिला, मग शाळा, आणि सरकार सर्वांत शेवटी आले. पुण्यातही तेच घडले होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. दक्षिणा फंडातील मदत नंतर मिळाली. आमच्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. कचेरीतली फाईल आपोआप हलत नाही, तिच्या पाठी कोणीतरी लागावे लागते.

म्हणून तिजोरीचे महत्त्व कमी होत नाही. लोकांच्या मदतीवर शाळा सुरू होते; पिढ्यान् पिढ्या चालवायला सरकारच लागते. हैदराबाद संस्थानात 1940 नंतर अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी एक कोटी रुपयांचा निधी बाजूला काढण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला औरंगाबादच्या महाविद्यालयासाठी या निधीतून कर्ज मिळाले. ते महाविद्यालय 1950 मध्ये सुरू झाले आणि पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. त्याआधी पदवीसाठी मराठवाड्यातील मुलांना बहुधा हैदराबादलाच यावे लागे. ज्या घरात मुलाला परगावी ठेवण्याची ऐपत नव्हती, तिथे शिक्षण आधीच संपत असे. येथील तिजोरीतला पैसा तिकडच्या गरिबाच्या दाराशी कॉलेज घेऊन गेला.

आज शिक्षण हक्क कायदा आहे. 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळणे हा त्याचा हक्क झाला. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, असेही कायदा सांगतो. पण रोजंदारीवर जाणारा बाप बैठकीसाठी दिवस मोडणार कसा? मोडलाच, तर इमारतीची दुरुस्ती, शिक्षकाची रिकामी जागा, आलेले अनुदान यांविषयी विचारायचे कसे, हे त्याला कोण सांगणार? येथे आपल्यासारख्यांची गरज आहे.

गणेशोत्सवात आपण बुद्धीच्या देवतेपुढे हात जोडतो, मुलांना वह्या आणि बक्षिसे देतो. ते चालू राहावेच. त्याबरोबर घराजवळच्या एका सरकारी शाळेची चौकशी वर्षभर करण्याचे प्रत्येकाने मनावर घ्यावे. अर्ज लिहून द्यावा, पालकांबरोबर कचेरीत जावे, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. भाग्यरेड्डींच्या शाळा सरकारने घेतल्या, म्हणून समाजाचे काम संपले असे आम्ही मानत नाही.