हाली आणि कलदार

मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात रुपया हा शब्द एकटा क्वचितच येई. रुपया हाली की कलदार, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ ठरलेला असे. कलदार म्हणजे इंग्रज सरकारने यंत्रावर पाडलेला रुपया. हाली म्हणजे चालू. हाली सिक्का हे हैदराबादच्या निजामाचे नाणे.

1857 च्या उठावापर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. बादशाही संपुष्टात आली, तेव्हा त्या जागी आसफजहा ही निजाम घराण्याची पदवी आली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी यंत्रावर पाडलेला सुबक रुपया निघाला. त्यावर चारमिनारचे चित्र असून, मधल्या कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर कोरलेले होते. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा 1918 पासून कागदी नोटाही आल्या. त्यांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरे होती. राज्यकर्त्यांची भाषा कोणतीही असो, नोट चालायची ती रयतेच्या हातात, हे टांकसाळीला उमगले होते!

व्यवहाराची खरी अडचण होती ती बट्ट्याची. शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै, म्हणजे सहास सात, असा हिशेब पुढे रूढ झाला. औरंगाबादचा कापूस मनमाडमार्गे मुंबईस जाई. तेथे मोल मिळे कलदारात, पण सरकारी सारा भरावयाचा तो हालीत. मुलाला शिक्षणासाठी पुण्यास पाठवणाऱ्या बापाला सत्तर हाली मोजावे तेव्हा साठ कलदार मिळत. हिशेबात निपुण असलेल्या सावकाराला ही विषमता पथ्यावर पडे; अक्षरशत्रू शेतकऱ्याला मात्र आपण कोठे नाडलो गेलो, हेही कळत नसे.

स्वतःचे नाणे ही सार्वभौमत्वाची खूण मानली जाई, आणि निजामाने ती जिवापाड जपली. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आले. तथापि चलन एका दिवसात बदलता येत नाही. लोकांच्या गाठीची पुंजी हालीत होती. ती एका हुकुमाने मातीमोल करणे अन्यायाचे झाले असते. म्हणून 1950 पासून भारतीय रुपया आणि हाली ही दोन्ही नाणी त्याच सहास सात दराने शेजारी नांदली. 1956 मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1957 मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, आणि 1959 मध्ये हालीची कायदेशीर मान्यता संपली. राज्य गेले, तरी त्याचे नाणे तीन वर्षे मागे उरले होते.

श्रोतेहो, राजकीय एकीकरणाची तारीख इतिहासात नोंदली जाते. परंतु सामान्य माणसापुरते ते पुरे होते, तेव्हा बाजारात त्याला 'कोणता रुपया?' असे कोणी विचारीत नाही.