समिट, पॅट
(१४ जून १९५२–२८ जून २०१६). अमेरिकन महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमधील ख्यातनाम प्रशिक्षक. जन्म टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे. १९७४ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पगार महिना २५० डॉलर. खेळाडूंचे गणवेश धुणे आणि गाडी हाकणे हेही त्यांच्याकडेच. महिलांच्या खेळाची तेव्हाची किंमत यावरून कळते. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्य, तर १९८४ मध्ये प्रशिक्षक म्हणून सुवर्णपदक. ३८ हंगामांत १,०९८ विजय व ८ राष्ट्रीय अजिंक्यपदे. १९९७-९८ चा संघ ३९ सामन्यांत अपराजित राहिला. त्यांची करडी नजर खेळाडूंच्या चांगलीच परिचयाची होती. २०११ मध्ये अल्झायमरचे निदान जाहीर करूनही त्यांनी आणखी एक हंगाम संघ सांभाळला. नॉक्सव्हिल येथे निधन.